चोळी उलटी करून बघा

परवा आईची पत्र्याची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास, वर जुन्या चादरी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आजीच्या दोन खणाच्या चोळ्या आणि आईचा एक पांढरा झंपर. घरातले सगळे भोवती जमले. "रंग बघ कसा टिकलाय", "काठ बघ गं". मी मात्र सवयीप्रमाणे पहिल्यांदा चोळी उलटी केली. कोल्हापुरात २८ वर्षं शिवणक्लास घेतेय. कपडा हातात आला की माझा हात आधी आत जातो. कापड विणकराचं असतं, रंग रंगाऱ्याचा असतो. शिवणाऱ्यानं काय केलं ते आतून कळतं.

ही पोस्ट मोठी होणार आहे, पण या तीन कपड्यांबद्दल मला सगळं सांगायचंय.

आधी आजीची चोळी. पूर्ण हातशिलाई. मी पट्टी लावून मोजलं, एका इंचात १४ टाके. बखिया घातलाय, म्हणजे प्रत्येक टाका मागे येऊन पुढे गेलाय. त्यामुळे मधला एक टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. कंदिलाच्या उजेडात, सहा मुलांचा रगाडा आवरून झाल्यावर घातलेले टाके आहेत ते, आणि सगळे एका मापाचे.

पण मला वेड लावलं ते काठानं. खण विणतानाच त्याच्या दोन्ही कडांना काठ येतो. गुळेदगुड्डच्या खणाला तर काठ असतोच. (हे गाव बागलकोट जिल्ह्यात, पण तिथल्या खणाचं गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातलं.) आजीनं चोळी बेतताना बाहीची कड आणि पाठीची खालची कड बरोब्बर त्या काठावर आणली. आपण म्हणतो, नक्षी छान दिसते. दिसतेच. पण कापडाच्या विणलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. मग तिथं दुमडायला नको, तुरपाई नको, पट्टी नको. जिथं घासून घासून कपडा सगळ्यात आधी फाटतो, तिथं कापडाची सगळ्यात भक्कम बाजू येते. शोभाही तीच आणि मजबुतीही तीच.

आणि 'खण' म्हणजे काय? एका चोळीपुरतं कापड. ओटीत आपण खणानारळाबरोबर देतो ते. म्हणजे विणकर मागावर बसला तेव्हाच त्याच्या डोक्यात बाईचं अंग होतं. बेताला तिथूनच सुरुवात झाली. आजीनं त्या एका खणात पाठ, बाह्या, पुढचे दोन भाग असे बसवले की कात्रीखाली जवळजवळ काही पडलंच नसेल. पडलं असेल ते गोधडीत गेलं.

आता बगल बघा. तांबड्या चोळीच्या बगलेत हिरव्या खणाचा एक चौकोनी तुकडा बसवलाय. माझ्या भाचीला ते ठिगळ वाटलं. ठिगळ नव्हे ते. चोळीचे बाकीचे भाग जवळपास सरळ रेषेत कापलेले आहेत आणि सरळ कापडाला वळण माहीत नसतं. हात वर केला की बगलेत ओढ बसणार आणि शिवण फाटणार. तिथं हा चौकोन असा बसवलाय की ओढ त्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे उरेब जाते. कापड उभं ओढा, आडवं ओढा, ते ताठ राहतं. तिरकं ओढलं की ते देतं. माझ्या क्लासमध्ये मुलींना उरेब समजायला महिना जातो. आजी शाळेत गेली नव्हती. जातं ओढायचं, उखळात कांडायचं, डोक्यावरची घागर हातानं धरायची, हे सगळं त्या हाताला करायचं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय घामानं बगल आधी कुजते. तेवढा चौकोन उसवायचा, नवा लावायचा, चोळी पुन्हा तयार.

पुढे बटण नाही, हूक नाही. दोन टोकं आणि गाठ. सहा बाळंतपणं झाली तिची. पोटुशी असताना गाठ सैल, अंगावर पाजताना सोडायला सोपी, म्हातारपणी अंग वाळलं तेव्हा गाठ थोडी पुढे. तिच्या उभ्या आयुष्यात तिला कुणी "ही साइज तुम्हाला बसणार नाही" असं म्हटलं नाही.

आता आईचा झंपर. पांढरा, टू बाय टू या सुती कापडाचा, १९६४ सालचा, गल्लीतल्या शिंपीकाकांनी मशीनवर शिवलेला. बाहेरून अगदी साधा. आतून बाजूच्या शिवणीला दोन्हीकडे दीड-दीड इंच माया. ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्याला माझा नमस्कार.

तो झंपर मी खिडकीपाशी उजेडात धरला. चालू शिवणीच्या शेजारी, अंगाच्या बाजूला, सुईच्या भोकांच्या आणखी दोन जुन्या रेषा दिसल्या. एक सगळ्यात आतली. ती लग्नातली, आई २० वर्षांची होती. दुसरी पाऊण इंच बाहेर. ती माझ्या जन्मानंतरची. चालू शिवण त्याच्याही बाहेर, धाकट्या भावानंतरची. प्रत्येक वेळी शिंपीकाकांनी जुनी टीप उसवली आणि नवी मारली. आईचा फोटो कुणी काढत नव्हतं त्या काळात, लग्नातला एक आहे तेवढाच. पण तिचं अंग कसं बदलत गेलं ते या तीन रेषांत आहे. मी बराच वेळ तो झंपर तसाच धरून उभी होते.

मुंढाही, म्हणजे बाही जोडायची गोलाई, बघण्यासारखा आहे. लहान आणि वर, अगदी बगलेला लागून कापलेला. आताच्या तयार ब्लाऊजचा मुंढा खोल असतो, कारण एकच माप दहाजणींना बसवायचं असतं. खोल मुंढा घालून हात वर करून बघा. सगळा ब्लाऊज वर सरकतो आणि पोट उघडं पडतं. मग आपण दिवसभर ब्लाऊज खाली ओढत बसतो. लहान मुंढ्यात फक्त बाही हलते, ब्लाऊज जागेवर राहतो. लोकांना उलटं वाटतं, की सैल म्हणजे सोयीचं. तसं नसतं. पण लहान मुंढ्याला गोलाई अचूक लागते, बाही चुण्या न पडता बसवावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे आज कुणाला द्यायचे नसतात.

असाच आईचा दुसरा एक झंपर माझ्या भाचीनं दोन वर्षांपूर्वी एका बुटीकमध्ये फिटिंगला दिला होता. 'विंटेज' म्हणून तिला एका समारंभात घालायचा होता. परत आला तेव्हा अंगाला मस्त बसत होता. मी उलटा केला. सगळी माया कापून पाव इंचावर ओव्हरलॉक, म्हणजे कडेची मशीन-टीप, मारलं होतं. पन्नास वर्षांहून जास्त काळ तीन बायकांच्या उपयोगी पडू शकला असता असा कपडा एका संध्याकाळच्या मापाचा झाला. भाची बिचारी रडकुंडीला आली, तिचा काही दोष नव्हता. कापणाऱ्यालाही ते फालतू कापड वाटलं असणार. राग मला त्याचाच येतो, की हे ओळखायला आपण कुणाला शिकवतच नाही.

२०१७ मध्ये लंडनला लेकीकडे गेले होते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बॅलेन्सियागाचं प्रदर्शन चालू होतं. क्रिस्तोबाल बॅलेन्सियागा, पोशाखांचा डिझायनर, स्पेनच्या बास्क भागातला, १८९५ चा जन्म, आई शिवणकाम करणारी. पुढे पॅरिसमध्ये त्याचं एवढं नाव झालं की बाकीचे नामवंतही त्याला गुरू मानायचे. त्या प्रदर्शनात त्याच्या काही पोशाखांचे चक्क एक्स-रे काढून लावले होते. बाहेरून फुलासारखा हलका दिसणारा गाऊन, आणि एक्स-रेमध्ये आतल्या ताठ पट्ट्यांचा अख्खा सांगाडा. कपडा पडावा तसाच पडावा म्हणून आत लपवलेली छोटी वजनं. मी लेकीला म्हटलं, "बघ, यांनाही आत बघावंसं वाटलं." माझ्या डोळ्यात पाणी होतं, खरं सांगते.

बाहीसाठी तो वेडा होता. मनासारखी बसली नाही तर तयार कपड्याची बाही उसवून पुन्हा बसवायचा. मानेपासून थोडी लांब उभी राहणारी कॉलर, मनगटाच्या अलीकडे थांबणारी बाही, मागं सैल आणि पुढं बेताचा फिट. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना त्याचे कपडे शोभायचे ते याच्यामुळे. १९६१ मध्ये त्यानं एक कोट केला, एकाच शिवणीचा. सगळा कोट कापडाच्या एका तुकड्यातून, वळवून, दुमडून. आजीच्या खणाची आठवण न येणं शक्यच नव्हतं.

उरेबच्या बाबतीत मात्र मी मादलेन व्हियोने या फ्रेंच डिझायनरला मानते. १८७६ चा जन्म, लहानपणीच शिवणकामाला लागलेली, १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान. तोवर उरेब कापड गळ्याला, पट्टीला, किरकोळ ठिकाणी वापरायचे. हिनं अख्खा पोशाख उरेब कापला. त्यासाठी जास्त पन्ह्याचं कापड मुद्दाम विणून घ्यायची. एका छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाचून टाचून बेत ठरवायची. उरेब कापड वाऱ्यासारखं असतं, हातात राहत नाही. शिवून टांगून ठेवलं की रात्रभरात कुठे दोन बोटं उतरतं, कुठे चार. मग खालची कड समान करायची. हे ज्यानं हातानं केलंय त्यालाच तिची हिंमत कळेल. आत ताठ पट्ट्यांची कसलीही हाडं नाहीत, कुठे आवळणं नाही. बाई चालली की कपडा चालतो.

तिच्या कपड्यांची नक्कल फार व्हायची, म्हणून ती लेबलवर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा द्यायची. हे मी वाचलं तेव्हा मला आजी आठवली. आजीही अंगठाच उठवायची, जमिनीच्या कागदांवर. चोळीवर तिची कसलीच खूण नाही.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. १९४७ मध्ये पॅरिसचा डिझायनर दिओर यानं बारीक कमरेचा आणि घेरदार स्कर्टचा तो प्रसिद्ध पोशाख आणला. त्याची शिवण मी तासन्‌तास बघू शकते. पण ती कंबर आत आवळून, नितंबांवर पॅडिंग लावून बनवलेली होती आणि तसं कुणाला रोज जगायला लागू नये. आजीकडेही चोळ्या जपायला कारण होतं. तिच्याकडे होत्याच मोजक्या. त्या गरिबीचं मला कौतुक नाही. तिच्या हुशारीचं आहे, आणि ती हुशारी गरिबी गेली म्हणून टाकून द्यायचं कारण नाही.

आता खणाची फॅशन परत आलीय. खणाचे फ्रॉक, कुर्ते, पर्स, तोरणंसुद्धा. हातमागाचा खण असेल आणि विणकराच्या हातात दोन पैसे जात असतील तर मला आनंदच आहे. पण खणाचा काठ कापून काढायचा आणि छातीवर मधोमध पट्टी म्हणून डकवायचा, आणि बाहीच्या कडेला साधी तुरपाई, हे बघवत नाही. काठ कडेला असतो त्याला कारण आहे हो! ते कारण समजून घ्या, मग हवा तो नवा बेत करा. मला नवं हवंच आहे.

गेल्या गुरुवारी आजीची चोळी क्लासमध्ये नेली. टेबलावर उलटी पसरली आणि मुलींना म्हटलं, आज शिवायचं नाही, नुसतं वाचायचं. आधी कंटाळल्या. मग एकीनं बगलेतला चौकोन बघितला आणि विचारलं, "बाई, हा तिरका का लावलाय?" मी उत्तर दिलं नाही. तिनं वर्तमानपत्राचा चौकोन कापला, मांजरपाटाच्या तुकड्यावर बेतला, दोनदा चुकीचा बसवला, उसवला. तिसऱ्यांदा बसला. नमुना अंगात घालून ती उठली आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. बटण आमच्याकडे बरंच उंचावर आहे.

चोळी जागची हलली नाही. पोरगी हात तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिली.

तुमच्या घरात आजीची, पणजीची चोळी किंवा आईचा जुना झंपर असेल तर कुणाला फिटिंगला देण्याआधी एकदा उलटा करून उजेडात धरा. आणि आतल्या बाजूचा फोटो मला पाठवा. बगलेचा तर नक्की पाठवा.