फोर्ट स्टिकीनवर टॉर्पेडो पडलाच नाही

‘१४ एप्रिल १९४४ला जपानी पाणबुडीने मुंबई गोदीत टॉर्पेडो मारून सोन्याचं जहाज उडवलं, बंबवाले पळाले, हमालांनी सोनं लुटलं आणि इंग्रजांनी सगळं दाबलं.’ आत्याने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने ‘खरं का हे?’ विचारलं, तेव्हा राहवलं नाही.

टॉर्पेडोचं आधी. व्हिक्टोरिया गोदी दरवाजांनी बंद होणारी. पाणबुडी आत शिरणार कुठून? टॉर्पेडो होते, पण ते फोर्ट स्टिकीन या जहाजातच, १,३९५ टन स्फोटकांच्या मालात. कराचीला त्याच जहाजात कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. आग त्या कापसाला लागली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल हेच सांगतो, आणि घातपात सिद्ध झाला नाही हेही.

आता ‘बंबवाले पळाले’. हे वाचून संताप येतो. दुपारी दोनच्या सुमारास वर्दी गेली, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी. मधले दोन तास हे लोक दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कप्प्यात, पाणी मारत होते, ९०० टनांहून जास्त. आग तळाच्या कापसात, स्फोटकं त्याच्या वर. पाणी चढलं तसा पेटता कापूस तरंगत स्फोटकांकडे सरकला. जहाजाची पोलादी बाजू एका जागी इतकी तापली की रंगाला फोड आले. जहाज बाहेर काढायचं की तिथेच बुडवायचं, हे वरच्या साहेबांचं ठरेना आणि जवान पाइप धरून उभेच. दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्यासाठी. पळालेल्यांचे स्मृतिदिन कोणी पाळत नाही.

सोनं होतं, १२४ विटा. स्फोटात त्या दूरवर उडाल्या. एक एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्याने ती परत केली. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा निघत राहिल्या. गोदीत त्या दिवशी शेकडो माणसं मेली, त्यांत हमालही होते. मेलेल्या गरिबांना चोर ठरवताना जरा तरी विचार करावा.

राहिलं इंग्रजांचं. बातमी त्यांनी दाबली, हे मान्य करावं लागतं. जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगावने १५ एप्रिललाच सविस्तर सांगितलं आणि इथल्या वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. पण जपान्यांनी बातमी दिली म्हणून स्फोटही त्यांनीच केला असं होत नाही.

आत्या, मेसेज काढून टाक. आणि पुढे ज्यांना पाठवलास, त्यांनाही हे पाठव.