चार नग फर्निचर्स

बिल्टीवर, म्हणजे ट्रकनं पाठवलेल्या मालाच्या पावतीवर, माझी सही आहे आणि सहीच्या वर 'ओल्ड वुडन फर्निचर्स' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझंच आहे, पण ते माझ्याकडून लिहवून घेतलं गेलं. उभं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडून, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गुदामात, भर दुपारी, हमालांच्या साक्षीनं.

झालं एवढंच की सूनबाईंना आमचा सागवानी पलंग, दोन खुर्च्या आणि एक टेबल पुण्याला हवं होतं. जुनं लाकूड सध्या फॅशनमध्ये आहे म्हणे. जुन्या माणसांची फॅशन अजून यायची आहे. खिडकीत एक तरुण मुलगा मावा चघळत बसला होता. त्यानं फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाला, "इंग्लिशमध्ये भरा. सिस्टीम मराठी घेत न्हाई." मी भरला. मालाचं वर्णन: ओल्ड वुडन फर्निचर. नग: चार. पोरानं वाचलं, माझ्याकडं दयेनं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, एस राहिला."

"कुठला एस?"

"फर्निचर्स. चार नग हायत न्हवं?"

मी निवृत्त झाले असले तरी मेलेली नाही. मी त्याला समजावलं की इंग्रजीत काही नामं मोजता येणारी आणि काही न मोजता येणारी असतात, आणि फर्निचर हे न मोजता येणारं आहे, त्याला ना 'ए' लागत ना 'एस'. पोरगा ऐकत होता की मावा चघळत होता ते कळेना. ऐकत होता तो माझ्या मागचा माणूस.

कानावर पेन्सिल, खांद्याला हत्यारांची पिशवी. बिजागऱ्यांचं पार्सल सोडवायला आलेला सुतार.

"फर्निचर मोजता येत न्हाई?" तो म्हणाला. "कोन म्हनालं?"

"इंग्रजी व्याकरण."

"मॅडम, आमच्या आज्जापास्नं आमी मोजतोय."

मी शांतपणे, आठवी 'ब'ला सांगावं तसं सांगितलं: खुर्ची मोजता येते, वन चेअर, टू चेअर्स. टेबल मोजता येतं. पण या सगळ्यांचं मिळून जे एक नाव आहे, ते मोजत नाहीत. पाणी मोजत नाहीत तसंच.

"पानी मोजत न्हाईत?" आता त्यानं पिशवी खाली ठेवली. हे लक्षण वाईट असतं. "मग पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुरात काय मोजत्यात? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. समदं कोल्हापूर रातभर जागं असतंय त्या मोजमापावर."

"ते फूट मोजतात. पाणी नाही. फूट मोजता येतो. वन फूट, टू फीट."

"फीट? एस कुठाय?"

"तिथं एस नाही लागत. आतला स्वर बदलतो. टूथचं टीथ होतं, तसं."

"म्हंजे जे खरंच मोजतायसा तिथंबी एस न्हाई."

एव्हाना दोन हमाल हातगाडा सोडून आमच्या बाजूला आले होते. माझ्या पलंगाचा एक पाय अजून गाड्याच्या बाहेर लोंबत होता, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच हिशेबाला सुरुवात केली.

"बरं, आमचं लाकूड?"

"वुड. मोजत नाहीत. वुड्स म्हटलं तर रान होतं."

"माजं काम?"

"वर्क. मोजत नाहीत. वर्क्स म्हटलं तर कारखाना होतो."

"आन् पैसं?"

"मनी," मी म्हणाले, आणि पुढचं उत्तर मला आधीच दिसलं, पण आता मागं फिरता येत नव्हतं. "मोजत नाहीत."

त्यानं भिंतीवर चार फुल्या मारल्या आणि हमालांकडं वळला. "बघा रं. लाकूड मोजायचं न्हाई, काम मोजायचं न्हाई, तयार झाल्यालं फर्निचर मोजायचं न्हाई, आन् पैसं तर न्हाईच न्हाई. मग मॅडम, बिल?"

"बिल मोजता येतं. वन बिल, टू बिल्स."

"हां!" त्याचा चेहरा उजळला. "मग भाषा वंगाळ न्हाई."

हमाल हसले. खिडकीतला पोरगाही हसला. मी नाही हसले. पण शिक्षकी पेशाची खोड अशी की समोरचा हरला नाही तर उदाहरण वाढवायचं. म्हणून मी सांगून बसले की ज्वेलरीसुद्धा मोजत नाहीत. तो म्हणाला, "गुजरीत जाऊन सांगा की एकदा. सोनार पेढं वाटंल." मी म्हणाले, फर्निचर मोजायचंच असेल तर 'पीस ऑफ फर्निचर' म्हणतात. त्यावर त्यानं माझ्या पलंगावर हात ठेवला आणि अत्यंत दुखावल्या आवाजात विचारलं, "ह्याला पीस म्हनायचं? सागवान हाय वो मॅडम ह्ये."

मग त्यानं पिशवीतून पक्कड काढली. "हिला काय म्हनायचं?"

"प्लायर्स."

"एस लावला तुमी."

"लागतो."

"एकच हाय की माज्याकडं!"

"एक असली तरी. दोन पाय जोडून केलेली वस्तू इंग्रजीत अनेकवचनी असते. कात्री सिझर्स, चिमटा टाँग्ज, विजार ट्राउझर्स. चष्मासुद्धा."

त्यानं पक्कड उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "चार नग फर्निचरला एस न्हाई आन् एका पकडीला एस. मॅडम, ह्यो हिशेब कुठल्या मुकादमानं केला?"

मी म्हणाले, फ्रेंच लोक फर्निचर मोजतात. त्यांच्यात एक मब्ल, अनेक मब्ल, रीतसर एकवचन आणि अनेकवचन आहे. "मग तिकडंच जातो," तो म्हणाला, "कारागिराची किंमत हाय तिथं."

इथं जरा थांबून सांगते, कारण हे मला गुदामात सांगता आलं नाही. नामांच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर इतके काही अडाणी नाही. महाद्वार रोडजवळच्या चप्पल लाइनचंच बघा. दोन्ही बाजूंना चपलाच चपला टांगलेल्या, पण गल्लीचं नाव चप्पल लाइन. कुणी चपला लाइन म्हणत नाही, चप्पल्स लाइन तर नाहीच. इंग्रजीचा नियम हाच आहे. एक नाम दुसऱ्या नामाच्या पुढं विशेषणासारखं उभं राहिलं की ते बहुधा एकवचनी राहतं आणि मुख्य नाम शेवटी येतं. तोंडात बत्तीस दात असले तरी ब्रश टूथब्रशच. हा नियम चप्पल लाइनीला कुणी शिकवला? कुणी नाही. आणि इंग्रजीत नामाला व्याकरणातलं लिंग नाही, तर इंग्रजी शब्द आपल्याकडं मुक्कामाला यायच्या आत आपण ते देऊन टाकतो. बस ती, ट्रक तो, टेबल ते. कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नाही, तरी भांडण नाही. ज्या गावात बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्या गावानं परक्या भाषेच्या नामांची लिंगं इतक्या काटेकोरपणे वाटून द्यावीत याचं मला अजून कौतुक वाटतं.

आणि पोरानं पुढं काय केलं? शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं 'वुडन ओल्ड बिग कॉट' लिहिलं. मला कळ आली. विशेषणांची रांग ठरलेली असते हो: आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग घाट, रंग, मूळ गाव, मग कशाचं बनलं आहे ते, आणि शेवटी नाम. बिग ओल्ड वुडन कॉट. इंग्रजाच्या पोराला हे कुणी शिकवत नाही, ते त्याच्या कानातच असतं. आपल्याला ते घोकावं लागतं, आणि घोकणाऱ्याला मग कुठल्यातरी गुदामात हे वाचावं लागतं.

एक विचारते. पलंग कोल्हापूरचा, जायचा पुण्याला. पाठवणारी मराठी, घेणारी मराठी, हमाल मराठी, ड्रायव्हर कागलचा. वाटेत सातारा लागतो, लंडन लागत नाही. मग त्या कागदावर इंग्रजी कशाला? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, पण तो सरकारी कामकाजासाठी. खाजगी गुदामाला कोण विचारतो? बरं, इंग्रजीच हवी तर निदान इंग्रजी तरी असू दे. आमच्या पिढीला ती पाचवीत भेटली. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवतात. हा पोरगा पहिलीपासूनचा. म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त एस लावत आलेला. मराठी धड लिहू दिली जात नाही आणि इंग्रजी धड लिहिली की खोडली जाते. मी तिसऱ्या कुठल्या भाषेत सही करायची?

हे सगळं मी त्याला म्हणाले. नेमकं हेच, याच क्रमानं. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये यादी हाय. त्यातनंच निवडायचं असतंय." त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. इक्विपमेंट्स. मशिनरीज. स्टेशनरीज. फर्निचर्स. एकसुद्धा सुटलं नव्हतं. "फॉर्मवरचं आन् सिस्टीमचं जुळलं न्हाई तर पुण्यात माल सोडत न्हाईत." मागं रांग वाढली होती आणि रांगेतल्या कुणालाही व्याकरणाची आस्था नव्हती. मी एस लावला. पेन इतक्या जोरात टेकवला की खालच्या कार्बनच्या तिन्ही प्रतींवर तो ठळक उमटला आहे.

सुतारानं जाताना कार्ड दिलं. 'ऑल टाइप्स ऑफ फर्निचर्स वर्क्स.' मी सवयीनं पर्समधलं लाल पेन काढलं आणि त्या दोन एसांवर रेघ मारून कार्ड परत केलं. त्यानं ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "एस काढला तर लोकं म्हनत्याल, ह्यो एकच खुर्ची करतोय."

आणि दुसरं कार्ड दिलं.

माल पुण्यात पोचला. सुनेनं घरच्या ग्रुपवर बिल्टीचा फोटो टाकला, 'फर्निचर्स' भोवती गोल करून, खाली हसून लोळणारे चेहरे. मुलानंही तोच चेहरा टाकला, त्याला तर मी स्वतः शिकवलंय. त्या हसण्याखाली एका ओळीत असंही लिहिलं होतं की पलंगाचा एक पाय मोडून आलाय.

मी गुदामात फोन लावला. तोच पोरगा.

"बिल्टीवर नग किती लिवलाय?" त्यानं विचारलं.

"चार."

"पोचलं किती?"

"चार. पण एकाचा पाय..."

"पाय येगळा नग म्हनून लिवलाता काय?"

मी काही बोलले नाही. तो म्हणाला, तरी तक्रार असेल तर मेल करा, त्यात सगळ्या इन्फर्मेशन्स पायजेत. आणि इंग्लिशमध्येच.