‘चार गल्ल्या म्हणजे ब्रिटन नव्हे’ : मास्तरांना उत्तर

मास्तर, नमस्कार.

2024 च्या जुलैत ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीवर लिहिलेला लेख तुम्ही आत्ता वाचलात आणि लाल शाई घेऊन तपासलात, त्याबद्दल आभार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आक्षेप थोडक्यात देतो. मजूर पक्षाने 650 पैकी 411 जागा जिंकल्या, हुजूर पक्षाची चौदा वर्षांची सत्ता घालवली, आणि तरी ‘लोकांना फारसा आनंद झालेला दिसला नाही’ असं मी लिहिलं. हे मी राहतो त्या लेस्टर शहराच्या चार गल्ल्या फिरून काढलेलं अनुमान आहे, आणि जनतेचा कौल असा हिणवणं हा मतदारांचा अपमान आहे. शिवाय, भारतीय पासपोर्ट खिशात असताना मी तिथं मत द्यायला गेलोच कशाला?

शेवटचं आधी उरकतो. इथं कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. जुना नियम आहे, मी काही चोरवाटेनं शिरलो नाही. कर इतरांसारखाच भरतो. नव्यानं नोकरीच्या व्हिसावर येणारी आपली बहुतेक मुलं तर करावर आणखी वर्षाला 1,035 पौंड आरोग्यसेवेसाठी आगाऊ मोजतात. तेव्हा दवाखान्याच्या रांगेबद्दल त्यांनी मत द्यावं की न द्यावं, हे तुम्हीच सांगा.

आता चार गल्ल्यांकडे. माझ्या शेजारी एक गुजराती बा राहतात. 1972 साली इदी अमीननं हाकललं तेव्हा कंपालाहून दोन सुटकेसी घेऊन आल्या. जन्मभर मजूर पक्षाला मत. त्या दिवशी प्राथमिक शाळेतल्या मतदान केंद्रावर आम्ही बरोबरच गेलो. फोटो ओळखपत्राची सक्ती असलेली इंग्लंडमधली ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. बांनी ज्येष्ठांचा बसपास दाखवला, तो चालला. (विद्यार्थ्यांचा प्रवासपास मात्र चालत नाही, हा काय न्याय आहे देव जाणे.) केंद्रात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. बांनी ती बाजूला सारून पर्समधलं बॉलपेन काढलं. ‘पेन्सिल खोडता येते,’ म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा हुजूर पक्षापुढे फुली मारली.

एकट्या बा नव्हेत. लेस्टर पूर्व ही देशातली एकमेव जागा, जी हुजूर पक्षानं त्या रात्री दुसऱ्याकडून खेचून घेतली. शिवानी राजा तिथं साधारण 31 टक्के मतांवर निवडून आल्या, कारण मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार, त्याच पक्षाचे दोन माजी खासदार आणि इतर यांच्यात मतं फुटली. शेजारच्या लेस्टर दक्षिणमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ गाझाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाकडून हजाराच्या आत मतांनी पडले. म्हणजे पक्षाची लाट आली त्या रात्री आमच्या शहरातल्या तीनपैकी दोन जागा त्याच पक्षानं गमावल्या. तेव्हा चार गल्ल्या म्हणजे ब्रिटन नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. पण मग ब्रिटन म्हणजे काय, तेही बघू.

देशभरात मजूर पक्षाला 33.7 टक्के मतं पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या कमी मतांवर कुणीही बहुमत मिळवलेलं नाही. 1997 मध्ये टोनी ब्लेअरना 418 जागा होत्या, पण त्यामागे 43 टक्के मतं होती. आणखी गंमत पाहा. 2019 मध्ये जेरेमी कॉर्बिन दणकून हरले तेव्हा मजूर पक्षाला एक कोटी दोन लाखांवर मतं होती. 2024 मध्ये त्याच पक्षाचे किअर स्टार्मर जिंकले 97 लाखांवर. मतदान झालं 60 टक्क्यांच्या आसपास, 2001 नंतरचं सर्वांत कमी. गुलाल उधळायला माणसं आणायची कुठून?

ही किमया स्टार्मरांची नव्हे, मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीची. हुजूर पक्षाची मतं त्याच्याही उजवीकडच्या रिफॉर्म पक्षानं खाल्ली, आणि बाकीच्यांनी आपापल्या मतदारसंघात जो कुणी हुजूरवाल्याला पाडू शकेल त्याला मत दिलं. लिबरल डेमोक्रॅट्सना 35 लाख मतांवर 72 जागा, रिफॉर्मला 41 लाख मतांवर 5. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवलंत, तेव्हा ही पद्धत तुम्हाला नवी नाही. आपण ती यांच्याकडूनच घेतली. 2014 मध्ये भाजपला 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्याच होत्या. फरक एवढाच की त्या 31 टक्क्यांत मोदींवर जीव टाकणारे पुष्कळ होते. स्टार्मरांवर जीव टाकणारा माणूस मला त्या शुक्रवारी भेटला नाही. ‘गेले एकदाचे’ म्हणणारे ढीगभर भेटले.

याला मी निरुत्साह म्हटलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. कुणाला घालवायचं हे लोकांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते चोख केलं. आणायचं कुणाला, हा प्रश्न त्यांच्या लेखी शिल्लकच होता. बा निकालाच्या सकाळी म्हणाल्या होत्या, ‘कोणी पण येऊ दे, हीटिंगचं बिल मलाच भरायचं.’ महिना संपायच्या आत अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी बहुतेक पेन्शनरांना हिवाळ्यात मिळणारं इंधन अनुदान बंद करण्याची घोषणा केली. बांचे 200 पौंड गेले. पुढच्या जूनमध्ये सरकारनं बराचसा निर्णय फिरवला, पण मधला हिवाळा बांनी स्वयंपाकघरात कोट घालून काढला.

लेखातला लेस्टरजवळच्या कोलव्हिलचा प्लंबर तुम्हाला ‘उगाच घातलेला’ वाटला. त्यानं रिफॉर्मला मत दिलं होतं, तिथं निवडून आला मजूर पक्ष, आणि त्यानं खांदे उडवले होते. 2011 च्या सार्वमतात मतपद्धत बदलायची संधी मिळाली तेव्हा देशानं दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी ‘नको’ म्हटलं, याची आठवण मी त्याला करून दिली. असं काही सार्वमत झालं होतं हेच त्याला आठवेना. पण 2025 च्या मे महिन्यात लेस्टरशायर काउंटी कौन्सिलची निवडणूक झाली आणि रिफॉर्म सर्वांत मोठा पक्ष ठरला. प्लंबर बॉयलर बघायला आला तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. ‘अभिनंदन कसलं,’ तो म्हणाला, ‘आमच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवतात का, ते बघायचंय.’