दादाचं तोंड आणि पळता ब्लर

व्हिडिओत एखाद्याचं तोंड पुसट करणं हे काम ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. माणूस खुर्चीत बसलेला असेल तर ते खरंच किरकोळ आहे, तोंडावर अंडाकृती मास्क, म्हणजे झाकायच्या जागेची चौकट, ओढायचा, त्याला ब्लर लावायचा, कडा थोडी फेदर म्हणजे मऊ करायची, चहा प्यायचा. पण तो माणूस आमचा दादा असेल, शिमगा असेल, खांद्यावर पालखी असेल आणि समोर खालूबाजा वाजत असेल तर मग चहा राहतो बाजूला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मुंबईला असतो. गणपतीच्या रजेला हल्ली मुंबईतले साहेब लोक सरावलेत, अर्ज यायच्या आधीच मान डोलावतात, पण शिमग्याचं तसं नाही. त्यांच्या हिशेबात होळी म्हणजे एक दिवस रंग आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखत का होईना कामावर हजर. गावाला पालखी घरोघरी फिरते, अंगणात नाचते, बायका ओटी भरतात, गाऱ्हाणं होतं, आणि ज्या घरचा पोरगा त्या दिवशी हजर नसतो त्याची चौकशी देवाआधी अख्खा गाव करतो, हे त्यांना कोण सांगणार. म्हणून चाकरमानी आजारी पडतात. दादाही पडला, रात्रीच्या गाडीने चिपळूणला उतरला, तिथून गुहागरची एसटी धरली आणि पालखी अंगणात आली तसा सगळ्यात पुढे घुसला.

त्या नाचाचं शूटिंग पुतण्याने मोबाईलवर केलं. गावासाठी व्हिडिओ बनवायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात असतं, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि नाही म्हणता येत नाही. रात्री दादा हळूच खोलीत आला नि म्हणाला, "माझं तोंड तेवढं धुरकट कर, हा व्हिडिओ फिरत फिरत साहेबापर्यंत गेला तर माझी काय खैर नाय." मी म्हटलं तो तुकडाच उडवतो, सोपं पडेल. तर ओटीवरून बाबांचा आवाज, "देव अंगणात आल्याला भाग उडवणार? वर्षातून एकदा येतो तो!" झालं. देव ठेवायचा, दादा ठेवायचा, फक्त दादाचं तोंड घालवायचं.

तुकडा १२ सेकंदांचा. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दादाची ३६० तोंडं. आता सगळ्या ३६० ठिकाणी मास्क हाताने सरकवावा लागत नाही, त्यासाठी कीफ्रेम असतात. आत्ता तोंड इथे आहे म्हणून एक कीफ्रेम, म्हणजे जागेची खूण, टाकायची, पुढे सेकंदभराने तिथे आहे म्हणून दुसरी टाकायची, मधला प्रवास कॉम्प्युटर स्वतः भरतो. गोम अशी की कॉम्प्युटर तो प्रवास सरळ रेषेत भरतो. त्याला वाटतं माणूस इथून तिथे गेला म्हणजे सरळच गेला असणार. तो कधी शिमग्याला आलेला नाही. मधल्या त्या सेकंदात दादा खाली बसतो, उसळतो, मान मागे टाकतो, पालखी एका बाजूला कलली की तिच्याबरोबर कलतो, आणि आमचा ब्लर मात्र शांतपणे सरळ रेषेत निघालेला. मी प्ले केलं तेव्हा दादाचं तोंड लख्ख, गुलालासकट, दातासकट, आणि ब्लर बरोबर पालखीत, देवाच्या रूप्यांवर, म्हणजे मुखवट्यांवर.

नेमकी तेव्हाच आई मागे उभी. "देवाचं तोंड झाकलंस? आणि ह्या मेल्याचं उघडं ठेवलंस?" तिला कीफ्रेम समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, आधी देवाला नारळ ठेव, मग त्या डबड्याला हात लाव. ठेवला. वादात पडलो नाही.

मग वाटलं ट्रॅकर आहे ना, तो कशासाठी दिलाय. ट्रॅकर म्हणजे असं की तुम्ही चेहरा एकदा दाखवून द्यायचा, तो त्यातल्या खुणा धरतो, डोळे, भुवया, नाकाची कड, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याच खुणा शोधत मास्क मागोमाग नेतो. ट्रॅकरला फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, खुणा बुजलेल्या चालत नाहीत आणि मध्ये कोणी आडवं आलेलं चालत नाही. शिमग्यात या दोन्ही गोष्टी प्रसादासारख्या वाटल्या जातात. गुलालाने दादाचं कपाळ, गाल, भुवया सगळं एकाच रंगाचं झालेलं, त्यात संध्याकाळचा उजेड कमी, जोरात हललेला चेहरा फ्रेममध्ये नुसता फरकाटा. तरी बिचारा ट्रॅकर चारेक सेकंद टिकला. मग ढोलवाला मधून गेला, दादा क्षणभर दिसेनासा झाला, आणि ढोलवाला सरकल्यावर ट्रॅकरने समोर जो पहिला नीट चेहरा दिसला तो दादाचा म्हणून धरला. तो चेहरा गावच्या मानकऱ्यांचा होता.

बाहेरगावच्या माणसाला यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्याकडे पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा यावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, आणि मी गावच्या व्हिडिओत मानकऱ्यांचं तोंड पुसून टाकलं असतं तर आमच्या नातवंडांनाही त्याचा जाब द्यावा लागला असता. तो ट्रॅक मी डिलीट तर केलाच, वर ट्रॅशही रिकामी केली.

शेवटी हातानेच. यात एक पद्धत आहे आणि ती खरंच कामाची आहे. सुरुवातीपासून एकेक फ्रेम पुढे जायचं नाही, वेड लागतं. हालचाल जिथे दिशा बदलते, म्हणजे दादा सगळ्यात वर, सगळ्यात खाली, डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, तिथेच पहिल्यांदा कीफ्रेम टाकायच्या. मग दोन कीफ्रेमच्या बरोबर मध्ये जाऊन बघायचं, मास्क घसरलाय तर तिथे एक, मग पुन्हा त्याच्या मध्ये. आणि मास्कला बिंदू कमीत कमी ठेवायचे. मी पहिल्या उत्साहात दादाचा जबडा, कान, केस असा साग्रसंगीत मास्क काढला होता, मग प्रत्येक कीफ्रेमला तेवढे सगळे बिंदू हलवत बसायचं, एक विसरला की दादाच्या कानातून शिंग निघायचं. साधी अंडाकृती बरी. दादाचं डोकंही तसंच आहे.

या कामाचा मूळपुरुष म्हणजे मॅक्स फ्लायशर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ. त्याने शूट केलेली फिल्म काचेवर एकेक फ्रेम पाडून त्यावरून चित्र गिरवायचं यंत्र काढलं, १९१५ साली पेटंटला अर्ज केला, १९१७ ला ते मिळालं. आणि गिरवायला पहिला माणूस कोण घेतला, तर स्वतःचा भाऊ, डेव्ह. त्याला विदूषकाचे कपडे चढवून गच्चीवर उड्या मारायला लावल्या. हे वाचल्यावर मला त्या गृहस्थाबद्दल आपुलकी वाटली. शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापार एक माणूस रात्र रात्र जागून नाचणारा भाऊ फ्रेमगणिक बघत होता. फरक इतकाच, त्याला भाऊ दाखवायचा होता, मला लपवायचा होता.

मधे लाइट गेली ते सांगत नाही, ती जातेच.

पहाटे व्हिडिओ तयार झाला. ब्लर दादाच्या तोंडावरून इंचभर हलत नव्हता, तो बसला की बसत होता, उसळला की उसळत होता, मला स्वतःचं कौतुक वाटलं आणि मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. पहिला फोन धाकट्या आत्याचा. "अगो बाय, तो धुक्यातला कोण रे? दादासारखा नाचतोय." मग मामाचा, "दादाला काय झालंय? बातम्यांत चोरांची तोंडं अशी करतात." पालखी नाही, देव नाही, अंगणातली रांगोळी नाही, ३६० फ्रेममध्ये सगळ्या गावाला दिसला तो दादाच. शेजारच्या काकांचा तर रुसवा निघाला, आमचं तोंड उघडं आणि त्याचं झाकलं म्हणजे तो काय सेलिब्रिटी लागून गेला? पुढच्या वर्षी त्यांनाही करून पाहिजे.

दुपारी दादा आला. व्हिडिओ त्याने चार वेळा बघितला, चौथ्यांदा तर स्वतःच्या नाचावर खूश होऊन मान हलवत. मग एकदम गंभीर झाला.

"शर्टावरून ओळखेल रे साहेब. हा शर्ट घालून जातो मी शुक्रवारी."

"मग काय करू?"

"तोंड राहू दे. उघड ते. पण माझी कंबर ब्लर कर."

"कंबर कशाला?"

"साहेबाला कंबर धरलीय म्हणून सांगितलंय ना! डॉक्टरने हलू नको म्हटलंय."

मी त्याला सांगितलं की अशा नाचात तेवढीच ब्लर केलेली कंबर साहेबाला मुंबईहून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. दादा बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "ब्लर नको तर मग तिथे डॉक्टरचा पट्टा चिकटव. कंबरेबरोबर हलणारा. जमेल?"

मी लॅपटॉप परत उघडला नि विचारलं, कुठल्या रंगाचा.