मोर, चोर, ठोर

परवा नात शाळेतून आली ती तोंड पाडून. सीनियर केजीत आहे. दप्तरातून वर्कशीट काढून माझ्या मांडीवर टाकलं. मोराचं चित्र, खाली 'यमक जुळणारे शब्द सांगा'. हिनं सांगितलेले शब्द बाईंनी लिहून घेतले होते: चोर, दोर, ठोर. ठोरवर लाल काट, आणि शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात बरोबर उत्तर: घर.

"आज्जी, मोर आणि घर कुठं जुळतंय गं?"

कुठंच जुळत नाही, बाळा. पण शेवटचं अक्षर र आहे ना, झालं मग!

शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. त्या बाईंचाही राग नाही, कारण एका वर्गात तीस-चाळीस पोरं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. सांगलीत सव्वीस वर्षं बालवाडीवर काढलीत. सुरुवातीची काही वर्षं मीही मुलांना हेच सांगायची, 'शेवटचं अक्षर सारखं ते यमक'. म्हणूनच आता बोलते.

यमक डोळ्याला दिसत नाही, कानाला लागतं. मोर म्हणताना आपण शेवटचा र पूर्ण म्हणतच नाही, मोर् असाच तोडतो. कानात राहतं ते 'ओर'. घरमध्ये राहतं 'अर'. कागदावर दोन्हीकडे र दिसतो, आणि तिथंच मोठी माणसं फसतात. पाच वर्षांच्या पोरीला अजून धड वाचता येत नाही, म्हणून ती फसली नाही.

उलटंही होतं. 'ये रे ये रे पावसा' आठवा. पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. अक्षरं बघाल तर एक ट, एक ठ. या वर्कशीटच्या हिशेबानं ते चूकच. पण किती पिढ्यांनी ते गाणं म्हटलं, कुणाला खटकलं का?

आता ठोर. असा शब्द नाही, मान्य. पण यमकाच्या खेळात अर्थ लागतोच कशाला? ज्या मुलाला ठोर सुचला त्याला मोर या शब्दातून म सुटा करून त्या जागी ठ बसवता आला. दाखला मागणाऱ्यांसाठी सांगते: १९८३ साली ब्रॅडली आणि ब्रायंट या दोन संशोधकांनी इंग्लंडमधल्या चार-पाच वर्षांच्या जवळजवळ ४०० मुलांना काही शब्द ऐकवून 'यात न जुळणारा कुठला' असं विचारलं होतं. ज्यांना तो नीट ओळखता आला ती मुलं पुढच्या तीन-चार वर्षांत वाचनातही पुढे निघाली. ज्यांना तो ओळखता आला नव्हता, त्यातल्या काही मुलांना आवाज जुळवायला मुद्दाम शिकवलं. त्यांच्यात, त्या आवाजांना प्लास्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली. म्हणजे माझं अक्षरांशी वैर नाही. आधी कान, मग अक्षर, एवढंच म्हणणं.

न जुळणारा ओळखायचा हा खेळ आपल्याकडे ओवीतच आहे की! ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकात, चौथा मोकळा. कीर्तनाला बसलेल्या बाईला कुणी फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज सुटे करून वाचायची पद्धत, शिकवलं नव्हतं, पण चौथा चरण आला की तिला बरोबर कळायचं.

आणि स्नेहसंमेलनात इंग्रजी कविता हातवारे करून घडाघडा म्हटली म्हणजे यमक आलं, असं समजून टाळ्या वाजवणारे पालक पाहिले की मला हसू येतं. ते पाठांतर. पाठांतर वाईट नाही, पण कवितेतले दोन जुळणारे शब्द काढून 'यांच्यासारखा तिसरा सांग' म्हणा. पोर तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. इंग्रजीसाठी हवंय ना? मग मराठीत कान तयार करा, तो तिथंही कामाला येतो.

वर्कशीट लागत नाही हो. मी बालवाडीत डबा घेऊन बसायची. चमचा, आमचा, तुमचा. भाजी, आजी, ताजी. आधी नुसतं ऐकायचं. मग तिनात एक चोर घालायचा: पळी, नळी, वाटी. चोर सापडला की वर्ग नाचायचा. स्वतः शब्द काढायची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा वाट बघायची. हेच आम्हा बायांना जमत नाही, मूल दोन सेकंद गप्प बसलं की आम्ही उत्तर सांगून मोकळ्या. एका पोरानं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत भडंगाची पुडी फोडली आणि मी सहज 'भडंग' म्हटलं, तर हा कोपऱ्यातून म्हणाला, "पतंग." मग थांबेचना. सुरंग, हडंग, झडंग. निम्मे शब्द कुठल्याच कोशात नाहीत. त्या दिवशी मी सगळ्यांना भडंग दोनदा वाढलं.

सूनबाई म्हणाली, "अहो आई, बाईंना चिठ्ठी लिहू का?" म्हटलं, चिठ्ठी नको, पालकसभेला मीच येते. भांडायला नाही, डबा घेऊन.

तोवर घरी उखाणे चालू आहेत. ज्या बायकांना शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही त्यांनीसुद्धा नवऱ्याच्या नावाला यमक जुळवून दाखवलंय, मग नातीला का नाही? काल रात्री जेवताना तिनं आजोबांवर उखाणा घेतला:

"गणपतीच्या देवळात घंटा वाजे ठण,
आजोबांच्या डोक्यावर केस नाहीत पण."

आजोबा म्हणाले, "पण काय?"

"पण काही नाही. जुळलं."