‘अठरापर्यंत एआय बंद’ या मेसेजला उत्तर

कोथरूडच्या आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. एआयमुळे मुलांचा मेंदू आळशी होतो, म्हणून अठरा वर्षांपर्यंत हात लावू देऊ नका. आजच्या मुलांना हे आपोआप येतं, शिकवायची गरज नाही. आणि नेतृत्व रक्तात असावं लागतं, शिकवून येत नाही. मी दर रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग घेते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिल्या दाव्यामागची काळजी खरी आहे. निबंध यंत्राकडून लिहून घेतला तर मुलाला लिहिता येणार नाही. पण बंदी घातली की मुलं लपून वापरतात, आणि लपून वापरणाऱ्याला त्याची चूक दाखवणार कोण? आमच्या वर्गात मुलांनी एका चॅटबॉटला पुण्याच्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने काढलेली मुलींची शाळा कधी सुरू झाली, ते विचारलं. उत्तर झोकदार मराठीत आलं, साल मात्र चुकीचं. मुलांनी पुस्तकं काढली, १८४८ शोधलं, मग प्रश्न आला की इतक्या ठामपणे चूक कशी सांगतं हे? मी सांगितलं, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, त्यावरून ते वाक्य जुळवतं. खरं-खोटं पडताळतंच असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेलेच निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड झाला. वयाने मोठे होते, पण तपासलं नाही.

दुसरा दावा पहिल्यालाच खोडतो. आपोआप येतं ते बटण दाबणं. आमच्यातल्या एका मुलाने मैत्रिणी-मित्रांचा फोटो कार्टून करायला एका ॲपवर टाकला, कुणालाही न विचारता. गणवेशावरचं शाळेचं नावसुद्धा त्यात वाचता येत होतं. मुलगा गुणी आहे. त्याला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला कंपनीने पालकांची संमती घ्यायची आहे. हे दहावीच्या मुलाला ठाऊक नको?

नेतृत्व शिकवून येत नाही, हा तिसरा दावा निदान पुण्यात तरी कुणी करू नये. सावित्रीबाई भिडे वाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी शिकवलं, पुढे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं.

फोटो टाकणाऱ्या त्या मुलावर मी वर्गाच्या फोटोंची जबाबदारी सोपवली. हल्ली तो आधी प्रत्येकाला विचारतो. मागच्या रविवारी एक मुलगी नको म्हणाली, दोघं तिला चिडवायला लागले, तर त्यानेच त्यांना थांबवलं आणि फोटो पुसून टाकला. जूनमध्ये त्याला हे जमत नव्हतं.