रोज एक रुपया आणि सैन्याला शस्त्रं: त्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

परत तोच मेसेज आला. यावेळी आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली धडाधड हात जोडणं सुरू. मजकूर थोडक्यात असा: अक्षय कुमारने सुचवलं, कॅबिनेटने मंजूर केलं, सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी आणि शहीद जवानांसाठी बँकेत खातं उघडलंय, 130 कोटींतल्या सत्तर टक्के लोकांनी रोज एक रुपया टाकला की दिवसाला 100 कोटी, वर्षाला 36,000 कोटी. काकांचा हेतू चांगलाय म्हणून तिथे वाद घातला नाही, इथे लिहितो.

हिशोबच बघा आधी. 130 कोटींचे सत्तर टक्के म्हणजे 91 कोटी, 100 नाही. वर्षाचे होतात साधारण 33,000 कोटी. (लोकसंख्या अजून 130 कोटी, यावरून मेसेजचं वय कळतंच.) आणि जमले समजा 36,000, तरी 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटींचं होतं, त्यात नुसता भांडवली खर्च, म्हणजे विमानं-तोफा वगैरे, 1.80 लाख कोटी. तोफा आपल्या टॅक्समधूनच येतात हो, त्यासाठी डबा फिरवायची गरज नाही.

आता निधी. निधी खरा आहे, घोळ तिथेच होतो. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनला हिमस्खलनात दहा जवान गेले, त्यात आपल्या साताऱ्याचाही एक होता, तेव्हा लोक विचारायला लागले की पैसे द्यायचे कुठे, त्यातून आर्मी बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड उभा राहिला. त्यातून वीरपत्नीला आधी 2 लाख मिळायचे, ऑक्टोबर 2019 मध्ये ते 8 लाख केले. हा पैसा घरच्यांसाठी, बंदुकीसाठी नाही. अक्षय कुमारचं नाव आहे ते ‘भारत के वीर’शी, ते 2017 चं, गृह मंत्रालयाचं, सीआरपीएफ-बीएसएफ वगैरेंच्या कुटुंबांसाठी. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय कुणीतरी.

खाली एका दादाने लिहिलेलं, सरकार काही देत नाही म्हणून आपणच द्यायचं. असं नाहीये. केंद्राचं सानुग्रह अनुदान 2016 पासून असं आहे: ड्युटीवर अपघात किंवा दहशतवादी हल्ल्यात मृत्यू, 25 लाख, सीमेवरची चकमक किंवा अति उंचीवरची पोस्ट, 35 लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत, 45 लाख. विमा वेगळा, राज्याची मदत वेगळी. आणि लढाईत गेलेल्याच्या पत्नीला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे जवळजवळ पूर्ण शेवटचा पगार.

खरी गोम पुढे आहे. यातलं बरंचसं ठरतं ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईत गेलेला, या शिक्क्यावर. तोच जवान ड्युटीवर साध्या गाडीच्या अपघातात गेला तर ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, पेन्शन पगाराच्या 60 टक्के आणि फंडाचे 8 लाख नाहीत. घरातला माणूस गेला तो गेलाच, पण कागदावरचा एक शब्द बदलला की घरखर्च बदलतो. अग्निवीराचं तर अजून वेगळं, 48 लाखांचा विमा आणि ड्युटीवर मृत्यू झाला तर 44 लाख सानुग्रह, पण घरच्यांना पेन्शन नाही. भांडायचंय तर यावर भांडा ना, यावर एक फॉरवर्ड येत नाही.

राहिला बँक खात्याचा नंबर. मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, मधल्या काळात ते खातं ज्या सिंडिकेट बँकेतलं सांगितलंय, ती कॅनरा बँकेत विलीनसुद्धा झाली. एप्रिल 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयानेच सांगितलं की मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि खात्याचा तपशील चुकीचा असल्याने लोकांचे ऑनलाइन पैसे जमाच होत नाहीयेत. द्यायचेच असतील तर ‘माँ भारती के सपूत’ नावाची सरकारी वेबसाइट आहे, 2022 पासून.

हे सांगायला काकांना फोन केला. तर म्हणाले, अरे मी महिन्याचे तीस रुपये एकदम पाठवत होतो, दोनदा परत आले, मला वाटलं बँकेचा सर्व्हर डाऊन आहे.